सँडीगेट : जगातल्या सगळ्यात जुन्या फुटबॉल मैदानावर आबांसोबत एक शनिवार

शेफिल्डच्या पश्चिमेला चढ चढत गेलं की क्रॉसपूल नावाची शांत वस्ती लागते, तिथं सँडीगेट रोडवर घरांच्या ओळीतच एक कंपाउंड दिसतं आणि आत फुटबॉलचं मैदान. हे हॅलम एफसीचं मैदान. गिनीज बुकात जगातलं सगळ्यात जुनं फुटबॉल मैदान म्हणून ह्याचीच नोंद आहे. १८०४ पासून इथं क्रिकेट चालायचं, १८६० साली क्रिकेटवाल्या मंडळींनीच फुटबॉल क्लब काढला आणि आजही त्याच जागेवर शनिवारी दुपारी तीनला मॅच असते, तुम्ही आम्ही कोणीही तिकीट काढून जाऊ शकतो.

मी लीड्सला राहतो, मूळचा कोल्हापूरचा, पेठेतला. दसरा झाल्यावर माझे वडील, आबा, इकडं आले होते. त्यांना लंडन, लेक डिस्ट्रिक्ट वगैरे दाखवून झालं, सगळीकडं ते "छान आहे" म्हणायचे आणि गप्प बसायचे. मग एकदा जेवताना मी सहज म्हणालो की इथून तासाभरावर जगातलं सगळ्यात जुनं फुटबॉल मैदान आहे, तर हातातला घास तसाच धरून म्हणाले, "मग इतके दिवस काय करतोयस?" आबा म्हणजे पाटाकडील तालमीचा, तिथल्या फुटबॉल टीमचा माणूस. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर मॅच असली की दुकान अर्धं शटर लावून जाणारा. त्यामुळं शनिवार ठरला.

जे फक्त टीव्हीवर प्रीमियर लीग बघतात त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. इंग्लंडमध्ये वरच्या चार डिव्हिजन मिळून ९२ क्लब, हे सगळे पूर्णवेळ पगारी फुटबॉलवाले असं धरून चाला. त्याच्या खाली जे काही आहे त्याला नॉन-लीग म्हणतात, आणि खाली म्हणजे किती खाली, तर नॅशनल लीग, मग तिच्या नॉर्थ-साउथ, मग प्रादेशिक लीग, त्यांच्या खाली अजून लीग, असं पायरी पायरीनं पार गावच्या टीमपर्यंत. आणि हे सगळं एकमेकांना जोडलेलं आहे, म्हणजे तुम्ही जिंकत गेलात तर वर, हरत गेलात तर खाली. अगदी तळाच्या क्लबला कागदोपत्री तरी वरपर्यंत रस्ता मोकळा आहे, मला ह्या देशाच्या फुटबॉलमधली सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. हॅलम ह्या पायऱ्यांच्या बरंच खालच्या बाजूला, वर्षानुवर्षं नॉर्दर्न काउंटीज ईस्ट लीगमध्ये खेळत आलेला क्लब. खेळाडू आठवडाभर कामधंदा करतात आणि मंगळवार-गुरुवार संध्याकाळी प्रॅक्टिसला येतात अशी ही पातळी.

लीड्सहून ट्रेननं शेफिल्ड, तिथून लॉज मूरकडं जाणारी बस. बस नुसती चढतच राहते. शेफिल्डबद्दल म्हणतात की रोमसारखं हे शहर पण सात टेकड्यांवर वसलंय, ते बसमध्ये बसल्यावर पटतं. उतरलो तर रस्त्याच्या ह्या बाजूला मैदान आणि समोर प्लाऊ नावाचा जुना पब. वारा इतका बोचरा की आबांनी मफलर कानाला गुंडाळला तो मॅच संपेपर्यंत काढला नाही.

गेटवर एक वयस्कर बाई टेबल टाकून बसल्या होत्या. त्यांनी आबांचं सीनियरचं तिकीट काढलं, कुठून आलात विचारलं, मी म्हणालो हे इंडियाहून आलेत, तिथं आमच्या गावात पण फुटबॉलचं वेड आहे. त्या उठून उभ्या राहिल्या, आबांच्या हातात हात दिला आणि मॅचचं प्रोग्रॅम पुस्तक त्यांना तसंच दिलं, पैसे घेतले नाहीत. शेफिल्डमध्ये लोक सगळ्यांनाच 'लव्ह' म्हणतात, पुरुष पुरुषाला पण, तर त्यांनी पण आबांना "एन्जॉय इट, लव्ह" म्हटलं आणि आबांनी अगदी गंभीरपणे नमस्कार केला.

आत गेल्यावर पहिल्यांदा काय जाणवतं तर उतार. मैदान सपाट नाही, आणि हे बारकाईनं बघायला लागत नाही, उघड दिसतं. बाजूला क्रिकेटचं मैदान. एका अंगाला छोटा स्टँड, बाकीकडं कमरेइतका कठडा, कठड्याला टेकून लोक उभे. खेळाडू आणि तुमच्यामध्ये हातभर अंतर, लाइनमनचा श्वास ऐकू येतो. घरचे आणि पाहुणे समर्थक असे वेगळे पिंजरे नाहीत, सगळे एकत्र. कुत्री घेऊन आलेले लोक, बाबागाडी घेऊन आलेल्या आया, कोपऱ्यात आपल्याच बॉलनं खेळणारी दहा-बारा वर्षांची पोरं. आबांनी सगळीकडं एक नजर टाकली आणि म्हणाले,

"मैदान वाकडंय रं."

"हो आबा, सुरुवातीपासून असंच आहे."

"मग टॉसला लई किंमत असणार हितं. वारा कुठनं येतोय बघ. पहिल्या हाफात उतारानं खेळायचं का चढानं, हे ठरवणाऱ्याचं डोकं पायजे."

बाजूला एक म्हातारेबुवा निळा-पांढरा स्कार्फ घालून उभे होते, त्यांना मी हे भाषांतर करून सांगितलं तर ते एकदम खूश झाले. नंतर पूर्ण मॅच ते आमच्या शेजारीच थांबले आणि जे काही सांगत होते ते मी आबांना सांगत होतो, आबा जे म्हणतील ते त्यांना.

आता ह्या जागेचा इतिहास सांगतो, कारण तो माहीत असेल तर तिथं उभं राहण्याला वेगळाच अर्थ येतो. शेफिल्ड एफसी नावाचा क्लब २४ ऑक्टोबर १८५७ ला निघाला, नॅथॅनियल क्रेसविक आणि विल्यम प्रेस्ट ह्या दोघांनी काढला, तो जगातला सगळ्यात जुना फुटबॉल क्लब मानला जातो. पण क्लब एकटाच असेल तर खेळणार कोणाशी? ते आपापसातच टीम पाडून खेळायचे, लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे असल्या मॅच. मग तीन वर्षांनी हॅलम आलं, आणि २६ डिसेंबर १८६० ला ह्याच सँडीगेटवर दोन क्लबांमधली जगातली पहिली मॅच झाली. शेफिल्ड २–० नं जिंकलं. लंडनची फुटबॉल असोसिएशन निघाली १८६३ साली, म्हणजे ही मॅच त्याच्याही आधीची. शेफिल्डवाल्यांचे नियम पण स्वतःचे, १८५८ मध्ये ठरवलेले. आज आपण कॉर्नर किक म्हणतो, फाउलला फ्री किक म्हणतो, ह्या गोष्टी रुजल्या त्यात शेफिल्डच्या नियमांचा मोठा वाटा आहे. शेफिल्डकडं होते शहरातले शिकलेसवरलेले, हॅलमकडं गावाकडचे, म्हणून हॅलमचं टोपणनाव आजही कंट्रीमेन.

आबांना मी ही तारीख सांगितली तर ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "१८६० म्हणजे सत्तावन्नचं बंड होऊन तीनच वर्षं झालेली. शाहू महाराजांचा जन्म पण व्हायचाय." (महाराजांचा जन्म १८७४ चा, आबांचं गणित बरोबर.)

एक मॅच तर मला फार विलक्षण वाटते. २९ डिसेंबर १८६२, शेफिल्डच्याच ब्रॅमल लेन मैदानावर हॅलम विरुद्ध शेफिल्ड, लँकेशायरच्या गिरणी कामगारांच्या मदतीसाठी. अमेरिकेत यादवी युद्ध चाललेलं, तिकडचा कापूस यायचा बंद झाला, लँकेशायरच्या गिरण्या थंड पडल्या आणि हजारो कामगारांच्या घरी चूल पेटेना, त्यांच्यासाठी निधी गोळा करायला ही मॅच ठेवली होती. आणि त्याच वेळी, त्याच कापूसटंचाईमुळं आपल्याकडं काय झालं ते सगळ्यांना माहिती आहे, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैशाचा पूर आला, बॅकबेच्या भरणीच्या कंपन्या, प्रेमचंद रायचंद, शेअरचं वेड, आणि १८६५ ला युद्ध संपल्यावर सगळं धाडकन खाली. म्हणजे मुंबईत ज्या टंचाईनं लोक श्रीमंत होत होते त्याच टंचाईनं उपाशी पडलेल्यांसाठी इकडं ही दोन टीमची पोरं चिखलात खेळत होती. त्या मॅचमध्ये गोल एकही झाला नाही, पण मारामारी झाली. हॅलमचा वॉटरफॉल नावाचा खेळाडू आणि मेजर क्रेसविक ह्यांची जुंपली, वॉटरफॉलनं वेस्टकोट काढून फेकला आणि अंगावर धावून गेला, शेवटी त्याच्याच टीमनं शिक्षा म्हणून त्याला गोलमध्ये नेऊन उभा केला. हे सगळं तेव्हाच्या पेपरात आलेलं आहे म्हणून आज आपल्याला कळतंय. हा मुद्दा लक्षात ठेवा, परत येतो त्यावर.

आणि १८६७ चा यूडन कप. थॉमस यूडन हा शेफिल्डचा थिएटरवाला, त्यानं बक्षीस ठेवलं, शहरातले बारा क्लब उतरले, ५ मार्चला ब्रॅमल लेनवर तीनेक हजार माणसांसमोर फायनल झाली आणि हॅलमनं नॉर्फोक नावाच्या क्लबला हरवलं. फुटबॉल असोसिएशनचा एफए कप सुरू झाला १८७१ ला, म्हणजे हा त्याच्या चार वर्षं आधीचा, जगातला पहिला फुटबॉल कप. तेव्हा नुसते गोल मोजत नसत, गोलच्या दोन्ही बाजूंना अजून झेंडे असायचे, त्यातून बॉल गेला आणि तुम्ही जाऊन तो टेकवला की 'रूज' मिळायचा, गोल सारखे झाले की रूजवर निकाल. फायनलमध्ये गोल झालेच नाहीत, हॅलम दोन रूजनं जिंकलं. ती चांदीची ट्रॉफी पुढं हरवली, किती वर्षं कुणाला पत्ता नाही, आणि १९९७ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडं सापडली. क्लबनं २००० पौंड मोजून परत घेतली. एवढ्याशा क्लबला तेव्हा २००० पौंड म्हणजे खेळ नव्हता, पण घेतली, मला हे फार भारी वाटतं.

मॅचबद्दल सांगायचं तर क्वालिटी काय असणार असं वाटत असेल तर चुकताय. बॉल हवेत जास्त असतो, टॅकल खणखणीत, ओरडाआरडा सगळा ऐकू येतो, पण पोरं जीव तोडून खेळतात. समोरची टीम यॉर्कशायरमधलीच होती. पहिल्या हाफात हॅलम चढाकडं खेळत होतं आणि एक गोल खाल्ला, कॉर्नरवरून. हाफटाइमला बाजू बदलली तशी गोलमागं उभं राहणारी मंडळी पण मैदानाला वळसा घालून दुसऱ्या टोकाला गेली, हॅलम ज्या गोलवर हल्ला करणार तिकडं. आबांना ही पद्धत इतकी आवडली की आम्ही पण गेलो. आणि उतारानं खेळताना खरंच खेळ पालटला. हॅलमचा एक राइट विंगर होता, बारीक पोरगा, वीसेक वर्षांचा असेल, बॉल मिळाला की बॅकच्या अंगावरच जायचा. आबा पहिल्यापासून त्याच्यावर नजर ठेवून होते, "ह्याला बॉल द्या की रे, ह्याला द्या" असं मराठीत ओरडत होते. त्याच्याच क्रॉसवर बरोबरी झाली. मग शेवटी शेवटी गोलसमोर धक्काबुक्कीत बॉल कुणाच्या तरी गुडघ्याला लागून आत गेला. आबांनी स्कार्फवाल्या म्हाताऱ्यांना मिठी मारली. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही.

हाफटाइमचं सांगायचं राहिलं. चहाच्या खिडकीवर रांग, आत क्लबचीच माणसं, पगार कुणालाच नाही. पाय (म्हणजे आत सारण भरून भाजलेली पेस्ट्री), चिप्स, मटारची उसळ म्हणता येईल अशी मशी पीज, आणि काउंटरवर नारिंगी लेबलची हेंडरसन्स रेलिशची बाटली. हा शेफिल्डचा सॉस, १८८५ पासून इथंच बनतो, वूस्टर सॉससारखा दिसतो पण ह्यात मासा नाही, त्यामुळं शनिवार पाळणाऱ्या आबांनी पण चिप्सवर भरपूर ओतून घेतला आणि दुसऱ्यांदा पण मागितला.

स्कार्फवाले बुवा सांगत होते की गवत कापणं, रेषा मारणं, गेट, चहा, प्रोग्रॅम, जर्सी धुणं, हे सगळं लोक आपलं काम सांभाळून करतात. ते स्वतः किती वर्षं येतायत विचारलं तर म्हणाले वडिलांच्या खांद्यावर बसून यायचो. प्रीमियर लीगच्या एका तिकिटाच्या पैशात इथं अख्खं घरदार मॅच बघेल, आणि वर खेळाडू मॅचनंतर क्लबहाउसमध्ये तुमच्या शेजारीच बसलेला असतो. ह्याच पायऱ्यांवरून जेमी वार्डी गेला. तो शेफिल्डचाच, जवळच्या स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्सकडून आठवड्याला तीस पौंडावर खेळायचा आणि कारखान्यात काम करायचा, तिथून हॅलिफॅक्स, मग फ्लीटवूड, मग २०१२ मध्ये लेस्टर, आणि २०१६ ला प्रीमियर लीगचा चॅम्पियन.

मला तालमींची आठवण येत राहिली, न येऊन कसं चालेल. आपल्याकडं पण हेच झालंय, कुस्तीच्या तालमी होत्या, त्या तालमींनीच फुटबॉल उचलला, जसा इथं क्रिकेट क्लबनं उचलला. पाटाकडील, शिवाजी तरुण, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस, फुलेवाडी, हे कुणा कंपनीचे क्लब नाहीत, गल्लीचे आहेत, वर्गणीवर आणि पोरांच्या हौसेवर चालतात, आणि शाहू स्टेडियमवर गर्दी इतकी होते की सँडीगेटवाल्यांनी बघितली तर विश्वास बसणार नाही. आपल्यातला अनिकेत जाधव २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपला भारताकडून खेळला. म्हणजे खेळ आहे, माणसं आहेत, वेड तर आहेच आहे. पण दोन गोष्टी नाहीत आणि त्या मला त्या दिवशी फार टोचल्या.

एक म्हणजे जागा. कोल्हापुरात सगळ्या टीमना मिळून मोठी मॅच खेळायला एकच स्टेडियम. तालमीचं स्वतःचं असं मैदान, जिथं पोरगं कधीही जाऊन किक मारेल, ते नाही. आणि जागा नसली की काय होतं ते शेफिल्ड एफसीकडं बघून कळतं. जगातला सगळ्यात जुना क्लब, २००७ मध्ये दीडशे वर्षं झाली तेव्हा इंटर मिलान खेळायला आलं, पेले स्वतः हजर होते. पण ह्या क्लबला स्वतःचं मैदान मिळायला २००१ साल उजाडलं आणि ते पण शेफिल्डमध्ये नाही, शेजारच्या डर्बीशायरमध्ये, ड्रॉनफील्डला. २०११ ला त्यांनी आपल्या नियमांची मूळ हस्तलिखितं आणि जुनी कागदपत्रं लिलावात काढली, ८,८१,२५० पौंड आले, क्लब उभा राहावा म्हणून घरातला सगळ्यात मोठा दागिना विकला. हॅलमकडं तितकं नाव नाही पण ही उतारावरची जागा आहे, आणि अजून त्यांचीच पोरं तिथं खेळतायत.

दुसरी गोष्ट म्हणजे लिहून ठेवणं. प्रत्येक मॅचला तिथं प्रोग्रॅम निघतो, कोण खेळलं, कोणी गोल केला, मागच्या आठवड्यात काय झालं, सगळं छापलेलं. १८६२ ला वॉटरफॉलनं वेस्टकोट काढून फेकला हे आज मला माहिती आहे, कारण कुणीतरी ते लिहिलं. आपल्याकडं हे बरंचसं जुन्या माणसांच्या डोक्यात आहे. परतीच्या ट्रेनमध्ये आबा सुरू झाले, त्यांच्या तरुणपणीची एक फायनल, कोण गोलकीपर, पाऊस कसा लागला, कॉर्नर कुणी घेतला, रेफ्रीला कुणी घरी सोडलं, नावांसकट, पोझिशनसकट. मी मोबाइल काढला आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. लीड्स आलं तरी त्यांचं संपलं नव्हतं, मग घरी येऊन पण चालूच, सूनबाई पण ऐकत बसली. आता रोज रात्री जेवणानंतर एक मॅच असं चाललंय.

तर पेठेतल्या भावांनो, तुमच्या घरात, तालमीत, माळ्यावर जुने टीमचे फोटो असतील, कपांवर कोरलेली नावं असतील, वर्गणीच्या वह्या असतील, पेपरची कात्रणं असतील. फोटो काढा, मागं साल आणि नावं लिहा, डावीकडून उजवीकडं. ज्यांना नावं सांगता येतात ती माणसं सत्तर-ऐंशीची झालीत, हे ह्याच वर्षी करायचं काम आहे. मला पाठवलंत तर मी टाइप करून नीट लावून ठेवीन, आबांच्या आठवणींबरोबर ताळा करता येईल, त्यांची आणि तुमच्या आजोबांची एकाच मॅचबद्दल भांडणं लागणार हे नक्की आणि ती पण लिहून ठेवू.

आणि इकडं शेफिल्ड-लीड्स-मँचेस्टर भागात जे आपले लोक आहेत त्यांनी एकदा शनिवारी सँडीगेटला जाच, जाडं जॅकेट घाला, अर्धा तास आधी पोचा म्हणजे मैदानाला एक चक्कर मारता येते. पुढच्या शनिवारी आम्ही स्टॉक्सब्रिजला निघालोय, आबांनी तिथं वार्डीच्या नावाचा स्टँड आहे हे ऐकल्यापासून घाई लावलीय, कुणाला यायचं असेल तर कळवा.